आमचे भित्रे सर

पालीला घाबरून मोजे घातलेल्या पायांनी कॉरिडॉरमध्ये उभा राहिलेला हार्ट सर्जन मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहिला, तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या दवाखान्यात आलो. सहा फूट उंच, साठीकडे झुकलेला माणूस. ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, कपडे अर्धे घातलेले, एक हात बाहीत आणि दुसरा बाहेर. "अरे कोणीतरी या रे! अंदर छिपकली आहे!" म्हणून ओरडत होता. झाडूवाल्या मावशी शांतपणे आत गेल्या, पाल हाकलली, बाहेर येऊन "गई साहब" म्हणाल्या. त्यावर साहेबांनी विचारलं, "पक्की गई?" मावशींनी शपथ घेतली, तेव्हाच हे आत शिरले. त्याच माणसाला थोड्या वेळाने मी एकाची छाती उघडताना पाहिलं.

नाव सांगत नाही. त्यांना आवडणार नाही. शिवाय हैदराबादेत त्यांनी शिवलेली इतकी माणसं फिरतायत, की त्यांतलं कोणीतरी जाऊन नक्की चुगली करेल.

सर लिफ्टला घाबरत, म्हणून पाच मजले चढून यायचे. कुत्र्याला घाबरत. न्हाव्याच्या वस्तऱ्याला घाबरत, म्हणून दाढी राखलेली. कोठीच्या चौकात रस्ता ओलांडायचा झाला तर जो कोणी बरोबर असेल त्याचं कोपर घट्ट धरायचे आणि पलीकडे पोचल्यावर ते आपण होऊन धरलं नव्हतंच असा चेहरा करायचे. दवाखान्यात सगळ्यांना लस टोचायची होती, तेव्हा डोळे मिटून सिस्टरला म्हणाले, "तुमच्या सासूबद्दल काहीतरी सांगा, जोपर्यंत होत नाही तोपर्यंत." सिस्टर सांगत बसली. टोचून झाल्यावरही बराच वेळ सांगत होती, पण तो दोष सरांचा नव्हे.

सरांचं घराणं शेतकऱ्यांचं, निजामाच्या काळात मराठी मुलखातून इकडे आलेलं. शिक्षण जामबागच्या मराठी शाळेत. त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि राग आला की शुद्ध मराठी. माझे बाबा नांदेडकडचे. सिकंदराबादला रेल्वेत नोकरी लागली म्हणून आले आणि अंबरपेठेत विहाराच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले ते राहिलेच. ओटीत मराठी कळणारी सरांखेरीज मी एकटी. म्हणजे ते कोणावरही चिडले, तरी त्यातला एकूण एक शब्द पोचायचा तो फक्त मला. इतरांना नुसता आवाज ऐकू यायचा आणि ते आपापलं काम करत राहायचे. मला हा अन्याय वाटे, आणि तसं मी एकदा त्यांना बोलूनही दाखवलं. "हौ," ते म्हणाले, "पण कळणारं एक तरी माणूस लागतं ना चिडायला."

माझं काम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हृदयावर टाके घालायचे तर ते हलून चालत नाही, म्हणून ते थांबवतात. तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवायचं काम एक मशीन करतं. ते मशीन चालवते मी. पण शरीराचं भागलं तरी हृदयाचं स्वतःचं काय? त्याच्याकडे जाणारी वाट तर क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावून बंद केलेली असते. म्हणून त्याला अधूनमधून थंड, औषध घातलेलं रक्त वेगळ्या नळीने द्यावं लागतं. त्याला आम्ही प्लेजिया म्हणतो. त्याने हृदय झोपतं, त्याची भूक कमी होते आणि मांस जिवंत राहतं. हा डोसही माझ्याच मशीनमधून जातो. तो नीट पोचला नाही, तर टाके कितीही सुंदर असोत, क्लॅम्प काढल्यावर हृदय उठत नाही.

सर हृदयाला "मजूर" म्हणायचे. "जन्माच्या आधीपासून कामाला लागलेला मजूर आहे हा. एक दिवस सुट्टी नाही. आज पहिल्यांदा आपण त्याला म्हणतोय, बाबा, झोप जरा. त्याला विश्वास नको बसायला?" डोस जायच्या आधी, हात धुवायला जाण्यापूर्वी, ते माझ्या मशीनपाशी येऊन मनगटाची आतली बाजू नळीला लावून बघायचे. बाळाचं दूध बघतात तसं. मशीनवर थर्मामीटर होता, त्यावर मोठे लाल आकडे होते. मी तो दाखवला तर म्हणाले, "त्याला कोणाची भीती आहे? मला आहे."

आणि हेच त्यांचं मुख्य वेड होतं. छाती उघडण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाला ते एक प्रश्न विचारायचे, "तुम्हारेकू आज काहे का डर है?" ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या भाषेत. प्रत्येकाने एक भीती मोठ्याने सांगायची. सिस्टर म्हणायची, गॉजचा हिशेब चुकेल याची. भूल देणाऱ्या मॅडम तेलुगू होत्या, बाई फटकळ. त्या म्हणाल्या, "सर, मला तुमचीच भीती वाटते." सर गंभीरपणे म्हणाले, "ठीक आहे, चालेल." परदेशातून शिकून आलेला एक तरुण असिस्टंट ऐटीत म्हणाला, "नथिंग, सर." सरांनी त्याला ग्लोव्हज काढायला लावले आणि कँटीनमध्ये चहा प्यायला पाठवलं. "भीती आठवली की या." तो दोन दिवस चहा पीत होता. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "सर, हाताला घाम येतो, तो कोणाला कळेल याची." सरांनी त्याला त्या दिवशी पहिला टाका घालायला दिला.

मी पहिल्यांदा काय म्हणाले होते? म्हणाले, मशीनची नळी निसटेल याची. "ही पुस्तकातली झाली. तुझी सांग." मला राग आला. त्या रागातच खरं बाहेर पडलं. "मोठ्या माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. वेळेवर ओरडायचं असेल आणि मी गप्प बसेन, याची." सर म्हणाले, "आजपासून तू जे बोलशील ते दाराबाहेरच्या शिपायाला ऐकू गेलं पाहिजे." तेव्हापासून प्रेशर, डोस, वेळ, सगळं मी ओरडून सांगते. घरी सुद्धा. आई म्हणते, मीठ माग, भांडू नकोस.

ऑपरेशनच्या दिवशी पेशंट शुद्धीवर येऊन डोळे उघडेपर्यंत सर जेवत नसत. व्रत वगैरे नाही. घशाखाली उतरत नसे. त्यांच्या बायकोला हे ठाऊक असल्यामुळे त्या बाई दुपारी मला फोन करायच्या, "उठला का गं तुमचा पेशंट? कुकर लावू का?" मी हो म्हटलं की कुकर लागायचा. कधीकधी दोन-दोन दिवस लागत नसे.

आणि एकदा लागलाच नाही. एक रिक्षावाला होता, चाळिशीचा, झटका येऊन तातडीने आणलेला. तेव्हा एक बाहेरचे मोठे सर्जन आले होते, ऑपरेशन त्यांनी केलं, आमचे सर नुसते मदतीला. ते गृहस्थ हाताने फार वेगवान. थंड डोस घाईने दिला, टाके भराभर घातले, क्लॅम्प काढला. हृदय उठलं नाही. ओल्या कापडाच्या बोळ्यासारखं तसंच पडून राहिलं. शॉक दिले, औषधं दिली, मशीन चालू ठेवलं, पण काही झालं नाही. टाके मात्र सगळे देखणे होते, रक्ताचा एक थेंब गळत नव्हता. नंतर सर जिन्यात बसलेले मला दिसले. "टाके आपण घातले," ते म्हणाले, "मांसाला कोणी विचारलंच नाही. झटका आलेलं हृदय आधीच उपाशी असतं. उपाशी बैलाला गोठ्यात आणून एकदम बर्फाचं पाणी पाजतात का? आधी कोमट. हळूहळू. धीर द्यायचा. मग झोप म्हणायचं." रिक्षावाल्याच्या बायकोला सांगायला तेच गेले. त्या दिवसापासून तातडीची केस असली की मी टाक्यांकडे बघतच नाही. मला फक्त ते मांस उठेल की नाही, हे दिसत असतं.

विसर्जनाचा दिवस होता. शहराचे मोठे रस्ते मिरवणुकीसाठी बंद होते. त्या दिवशी आम्ही ठरवलेली ऑपरेशनं ठेवत नाही. मी नुसती ड्युटीवर होते, मशीन पुसत. सकाळी आईचा फोन आला. बाबा विहाराच्या पायऱ्या झाडत होते, तिथेच बसले. घाम फुटला, जबडा दुखतोय म्हणाले. शेजारच्याने रिक्षा काढली, गल्ल्याबोळांतून येतायत. मी खाली धावले. मला फोनवरच कळलं होतं. ज्या घरात कोणाला काहीच कळत नाही, ते लोक नशीबवान.

तपासणी झाली. हृदयाची डावीकडची मुख्य नळी जेमतेम उघडी, उजवीकडची पूर्ण बंद. नळीत स्प्रिंग बसवण्याजोगं काही राहिलं नव्हतं. आमचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन, आत्ताच. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मशीन चालवणारे आम्ही दोघं. माझा सोबती मिरवणुकीच्या पलीकडे घरी अडकलेला. त्याने गाडी काढली होती, पोलिसांनी परत पाठवलं होतं, आता तो चालत निघाला होता. आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आपण उभं राहायचं नाही, हे कुठे लिहून ठेवावं लागत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

सर जवळच राहत होते. गर्दीतून पायी आले, पाच मजले चढून. केसांत गुलाल होता. कोणीतरी उधळलेला. हात धुताना कपाळावरून घामाबरोबर तो खाली येत होता आणि ते मान मागे करून माझ्याशी बोलत होते. कोणीतरी म्हणालं, दुसरा माणूस येईपर्यंत थांबू. सर म्हणाले, "माणूस येईल. मांस थांबणार नाही." मग मला मराठीत, "येतेस?"

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरं कोणी नव्हतं.

बाबांना ट्रॉलीवरून आणलं. तोंड राखेसारखं झालेलं. मला बघितल्यावर मात्र सुटल्यासारखे झाले. "तू हाइस नं आत?"

"हाय, बाबा."

"मंग झालं. कामून घाबरतीस?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. आयुष्यभर मला कोणी इतकं घाबरवलेलं नाही. हा माणूस मला तुटलेला नळ आणि अडकलेला पासबुकाचा कागद दाखवायला बोलवायचा आणि मी बघते म्हटलं की निवांत व्हायचा. त्याच निवांतपणाने तो आता झोपला होता.

बाबांना भूल दिली, कपडा अंथरला. सरांनी डोक्याकडचा पडदा नेहमीपेक्षा उंच बांधायला लावला, म्हणजे मला चेहरा दिसू नये. मग प्रश्न. तेवढी घाई असताना सुद्धा प्रश्न. सिस्टरने सांगितलं, मॅडमनी सांगितलं. माझी पाळी आली.

"बाबा मरतील याची," मी म्हणाले.

"ती तुझ्या घरची. ती बाहेर तुझ्या आईपाशी ठेव. मशीनवरची सांग."

मला सुचेना. सर म्हणाले, "ठीक आहे, आज माझी ऐक. मला तुझी भीती आहे. जो आकडा तुला पाहिजे, तोच तुला दिसेल. म्हणून नुसता आकडा सांगायचा. चांगला आहे, ठीक आहे, काही म्हणायचं नाही. आणि बाबा म्हणायचं नाही. पेशंट."

छाती उघडली. मशीन जोडलं, शरीराचं काम माझ्याकडे आलं. क्लॅम्प लावला. आधी कोमट डोस. पुढच्या वाटा बंद असल्यामुळे तो मागून, हृदयाच्या शिरेत बसवलेल्या नळीतून द्यायचा होता. हळू, कमी दाबाने. दाब फार झाला तर शीर फाटते, फार कमी झाला तर नळी जागेवर नाही असं समजायचं. मी ओरडत होते, "पस्तीस! छत्तीस! पस्तीस!" कोमट गेला, मग थंड. हृदय झोपलं. सरांनी पहिला टाका उजवीकडच्या बंद नळीच्या पुढे घेतला, कारण मागून दिलेला डोस उजव्या बाजूला नीट पोचत नाही. पायातून काढलेली शीर तिथे जोडायची आणि मग तिच्यातून उजवीकडे वेगळा डोस द्यायचा, असा त्यांचा बेत. तोवर उजवी बाजू उपाशीच. पण डावी तरी भरलेली राहावी, म्हणून मागची नळी तशीच ठेवलेली, मधूनमधून डोस द्यायला.

उजवीकडचं झालं, त्यातून डोस गेला. मग मागच्या बाजूला टाका घालायचा म्हणून सरांनी हृदय उचललं. मागच्या नळीतून पुढचा डोस मी नुकताच सुरू केला होता, तोही उजवीकडच्या कामामुळे उशिरा. आकडा पस्तिसाला पोचायच्या आधीच घसरला. वीस. पंधरा. बारा.

त्या एवढ्याशा वेळात माझं मन वकिली करायला लागलं. गेजच बिघडलं असेल. ट्यूब दुमडली असेल. हृदय उचललंय म्हणून असेल, खाली ठेवलं की आपोआप येईल. मला तो आकडा नको होता. माझं मन इकडे हे सगळं बोलत होतं आणि तोंड तिकडे ओरडत होतं. "बारा!" दाराबाहेरच्या शिपायाने ऐकलं असणार.

सरांचे हात थांबले. त्यांनी हृदय खाली ठेवलं, एक बोट मागे घातलं. "नळी सुटली." म्हणजे शेवटचा डोस मांसात गेलाच नव्हता. नुसता आतल्या पोकळीत ओतला गेला होता. "शेवटचा खरा डोस कधी?" मी वेळ सांगितली. इतका वेळ चालत नाही, असं तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सरांनी नळी परत बसवली आणि या वेळेला भोवती एक टाका घातला. "दे. हळू. उपाशी आहे." मी दिला. आकडा चढला. माझ्या पाठीवरून घामाची धार खाली उतरत होती आणि मला वाटत होतं, झालं, जे व्हायचं ते झालेलं आहे, आपल्याला फक्त शेवटी कळणार आहे.

बाकीचे टाके झाले. शेवटी परत कोमट रक्त, उठवण्यासाठी. क्लॅम्प काढला. हृदय उठलं नाही, थरथरायला लागलं. शॉक दिला. थांबलं, मग एक ठोका. बऱ्याच वेळाने दुसरा. मग लागोपाठ, पण लंगडे. उजवी बाजू फुगलेली, ढिली. आम्ही मशीन कमी करून बघितलं, तर मॅडम ओरडल्या, "प्रेशर जातंय!" मी परत पूर्ण चालू केलं.

मॅडम म्हणाल्या, औषध वाढवते, ताकद येईल. चूक नव्हतं त्यांचं. सर म्हणाले, "नक्को. आत्ता वाढवलं तर तो धावेल आणि पडेल. रिकामं ठेवा त्याला. मशीनवर राहू दे. आराम करू दे." असिस्टंट घड्याळाकडे बघत होता. मशीनवर जितका जास्त वेळ, तितकं शरीराचं नुकसान, हेही खरं. दोन्ही खरं होतं. सरांनी दोन्ही हात कपड्यावर ठेवले आणि ते नुसते उभे राहिले. खालून रस्त्यावरून ढोलाचे धक्के फरशीतून वर येत होते. माझं मशीन फिरत होतं. पडद्यापलीकडे बाबा होते आणि मी त्यांना बाबा म्हणू शकत नव्हते. मला त्या रिक्षावाल्याच्या हृदयाशिवाय काही आठवेना.

बऱ्याच वेळाने सर मराठीत म्हणाले, वर न बघता, "मला लई भीती वाटतेय."

ते फक्त मला कळलं. मी म्हणाले, "मलाही."

"हौ." एवढंच. पण मला आधार वाटला. त्यांनी मला धीर दिला असता, सगळं ठीक होईल म्हटलं असतं, तर मी तिथेच कोसळले असते.

हृदयाचा रंग बदलला आधी. मग उजवी बाजू थोडी आत ओढल्यासारखी झाली. सरांनी एक बोट त्यावर ठेवलं, काढलं. "चल. कमी कर. हळू."

मी शरीरातून येणारी नळी थोडी दाबली. मशीनमधून जाणारं रक्त कमी केलं. जितकं मी सोडत होते, तितकं आता त्या हृदयाने उचलायचं होतं. "अर्धं," मी ओरडले. सरांनी मान हलवली. आणखी कमी. "पाव." मॅडम आपल्या आकड्यांकडे बघत होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. त्या बाईंचं गप्प बसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"बंद कर," सर म्हणाले.

माझा हात हलेना. जोवर मशीनचं हे चाक फिरतंय, तोवर माझे बाबा जिवंत आहेत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या हाताने जिवंत आहेत. बंद केलं की मग काय, ते मला ठाऊक नव्हतं. तसंच थोडं थोडं चालू ठेवावं, तासभर, दिवसभर, माझी काही तक्रार नव्हती. सर ओरडले नाहीत. वळलेही नाहीत. "पेशंटला त्याचं काम करू दे," ते म्हणाले. "तू लई केलंस. सोड."

मी नळी पूर्ण दाबली. चाक थांबलं. खोलीत एक आवाज चालू होता तो गेला. तो होता हे तो गेल्यावर कळलं.

"आकडा सांग."

"शून्य," मी म्हणाले.

मॅडमच्या मॉनिटरवर एक रेघ वर जात होती, खाली येत होती. ती वर जाताना प्रत्येक वेळी मी तिच्याबरोबर जात होते. मोठी नव्हती. पण ती माझ्या मशीनची नव्हती, बाबांची होती. खाली आली की परत जात होती.

बाबा वाचले, हे आता सांगून टाकते. आज ते अंबरपेठेत बिनमिठाच्या वरणावरून आईशी भांडतात, आणि विहाराच्या पायऱ्या झाडायला दुसऱ्या कोणाला देत नाहीत. हृदयाची ताकद पहिल्यापेक्षा कमी आहे. चढ आला की थांबतात. तेवढं गेलं, ते गेलं.

पण त्या वेळी यातलं काही ठाऊक नव्हतं. छाती उघडीच होती. सरांनी मॅडमना पुढचं औषध द्यायला सांगितलं, असिस्टंटला छाती बंद करायला तार मागवायला लावली. तेव्हा दार उघडलं आणि माझा सोबती आत आला, घामाने निथळत, इतका चाललेला की त्याला बोलता येत नव्हतं. मशीनची जागा त्याने घेतली. मी स्टुलावरून उठले आणि कुठे जावं ते मला कळेना. सर वळले. मास्कच्या वर त्यांचे डोळे लाल झालेले होते आणि भुवईत अजून थोडा गुलाल होता.

"जा, तुझ्या आईपाशी बस," ते म्हणाले. "आता घाबर. आता चालतं."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. आई बाकावर बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी तिच्या शेजारी बसले आणि माझे दात वाजायला लागले, गुडघे, हात, सगळं. आईने विचारलं, काय झालं, काय झालं गं, बोल की. मला मोठ्याने सांगायचं होतं, पण तोंडातून आवाज येत नव्हता. मग तिने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि विचारायचं थांबवलं.